वीझरचा 'पिंकर्टन' १९९६ साली लोकांना आवडला नाही, मग आज त्याचं एवढं कौतुक का?

तुमचा प्रश्न असा आहे, की रोलिंग स्टोन या अमेरिकन संगीत मासिकाच्या वाचकांनी वीझर या अमेरिकन रॉक बँडच्या ज्या दुसऱ्या अल्बमला १९९६च्या सर्वांत वाईट अल्बमांत तिसरं स्थान दिलं, त्यालाच त्या मासिकाने २००४ साली पाच तारे कसे दिले. शिवाय दोनदा ऐकूनही तुम्हाला तो गोंगाटच वाटला, तर आपलं काही चुकतंय का, असंही तुम्ही विचारलंय.

तुमचं काही चुकत नाहीये. मलाही तो पहिल्यांदा टोचला होता, कारण माझे कान वेगळ्याच वीझरला सरावले होते. विंडोज ९५च्या सीडीत एका फोल्डरमध्ये त्यांच्या 'बडी हॉली' गाण्याचा व्हिडिओ असायचा. मामाकडे कॉम्प्युटर आला त्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडांनी तो पाठ होईपर्यंत पाहिला. गोड चाल, भरदार गिटार, मधे चश्मा लावलेला शांत मुलगा. हे गाणं ज्या १९९४च्या पहिल्या अल्बममधलं, तो रिक ओकॅसेकसारख्या निर्मात्याने घासूनपुसून लख्ख केला होता. तो तुफान खपला, आणि दुसऱ्या अल्बमकडून सगळ्यांना तोच गोडवा हवा होता.

पण बँडचा गायक आणि गाणी लिहिणारा रिव्हर्स क्वोमो तोवर दुसरीकडेच पोचला होता. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड. यश मिळाल्यावर त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि कित्येक महिने पायाभोवती पोलादी चौकट बाळगली. १९९५मध्ये तो हार्वर्डला शिकायला गेला. तिथे काठी टेकत वर्गात जाणाऱ्या या मुलाशी फारसं कोणी बोलत नसे. अंतराळात घडणारा एक रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक गाण्यांतून सांगायची गोष्ट, तो लिहीत होता, तो त्याने सोडून दिला आणि स्वतःवर लिहायला घेतलं. 'द गुड लाइफ' हे गाणं त्या काठीच्या दिवसांचं आहे.

त्या काळात इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेराने त्याला धरून ठेवलं होतं. त्यातला पिंकर्टन हा अमेरिकन नौदल अधिकारी जपानी मुलीशी लग्न करतो आणि तिला टाकून निघून जातो. क्वोमोने अल्बमला नाव दिलं ते या माणसाचं, फसवल्या गेलेल्या मुलीचं नाही. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. यातला 'मी' हा अपराधी आहे, आणि ते त्याला ठाऊक आहे. तो हावरट आहे, एकटा आहे, प्रेमाच्या नावाखाली माणसं वापरतो आणि ते वापरणं कबूल करतो. १९९६मध्ये समीक्षकांपैकी अनेकांना या ओळी पोरकट वाटल्या, कारण त्यांनी कबुलीला कवीचा कच्चेपणा समजलं. काही परीक्षणं चांगलीही आली, पण ती मागे पडली.

आवाजाचंही तसंच. या वेळी बाहेरचा निर्माता नव्हता, चौघांनी स्वतःच काम केलं. गाणारे एकत्र उभे राहून गायले. गिटारची शिट्टी, ड्रमचा धसमुसळेपणा, फाटलेला सूर, काहीही पुसलं नाही. तुम्हाला जो गोंगाट वाटतो तो हाच, आणि तो त्यांनी जाणूनबुजून ठेवलाय.

२४ सप्टेंबर १९९६ला अल्बम आला. पिंकर्टन नावाच्याच अमेरिकन सुरक्षा कंपनीने नावावरून कोर्टात धाव घेतली होती, पण न्यायाधीशांनी अल्बम अडवला नाही. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत तो १९व्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथून घसरला. १९९८मध्ये बास वाजवणारा मॅट शार्प बँड सोडून गेला.

गंमत म्हणजे मूळ ऑपेराचंही असंच झालं होतं. १७ फेब्रुवारी १९०४ला मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात पहिल्या प्रयोगाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुच्चिनीने फेरफार केले आणि मे महिन्यात ब्रेशियात तोच ऑपेरा लोकांनी डोक्यावर घेतला. 'पिंकर्टन'चा मात्र एक सूरही बदलला नाही. बदलले ते ऐकणारे. बँड शांत होता त्या वर्षांत पोरं एकमेकांना हा अल्बम देत राहिली, इंटरनेटवर त्याबद्दल बोलत राहिली. पुढच्या इमो, म्हणजे मनातलं दुखणं उघड गाणाऱ्या रॉक बँडांनी तर त्याला गुरूच मानलं. रोलिंग स्टोनच्याच २००२च्या वाचक-कौलात तो सर्वकालीन अल्बमांत १६वा आला.

मला वाईट वाटतं ते क्वोमोचं. कौतुक सुरू झालं तोवर त्याने धडा घेऊन टाकला होता. २००१च्या मुलाखतीत त्याने या अल्बमला स्वतःच भयंकर ठरवलं, आणि त्याच वर्षी पुन्हा ओकॅसेककडे जाऊन नेटका, हिरव्या मुखपृष्ठाचा अल्बम केला. त्यात चाली छान आहेत, पण मन उघडं करणारं कोणी नाही. पुढे २०१०च्या दौऱ्यात त्याने 'पिंकर्टन' सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला, आणि ज्या ओळींची त्याला लाज वाटत होती त्या समोरचे लोक गात होते.

एक गोष्ट मात्र मी झाकणार नाही. 'अक्रॉस द सी' हे गाणं एका जपानी चाहतीच्या पत्रावरून लिहिलंय. त्यातली तिच्याबद्दलची कल्पनाचित्रं आजही अस्वस्थ करतात. तिला बोलायला गाण्यात जागा नाही. अल्बम आवडतो म्हणून हे सोडून देऊ नका.

आता तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा शेवटच्या 'बटरफ्लाय'पासून सुरुवात करा. त्यात फक्त साधी गिटार आणि आवाज आहे. एक मुलगा फुलपाखरू धरून बरणीत ठेवतो, सकाळी ते मेलेलं असतं, आणि तो माफी मागत राहतो. मग पहिल्या गाण्यावर या आणि सलग ऐका. दहा गाणी आहेत, पस्तीस मिनिटंही लागत नाहीत.