हेडलाइट एलईडी करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २०११ची १०० सीसी गाडी आहे. ३५/३५ वॅटचा मूळ बल्ब काढून एलईडी टाकला. गाडी स्लोला असली की लाइट फडफडतो, रेस दिली की सुधारतो. दोन बल्ब बदलून झाले. — वाचक, कराड

उत्तर : तिसरा बल्ब घेऊ नका, दोष बहुतेक बल्बात नाही. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनवर वीज बनवणाऱ्या मॅग्नेट कॉइलच्या एसीवर (सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर) चालतो. तापलेली फिलामेंट एसीचे झटके पचवते. एलईडी लगेच विझते नि पेटते.

आधी खात्री करा. इंजिन चालू ठेवून हेडलाइटच्या कपलरवर मल्टिमीटर लावा. डीसीवर (एकाच दिशेने वाहणारी वीज) १२ व्होल्टच्या आसपास स्थिर आकडा आला तर सप्लाय डीसी. आकडा अगदी कमी किंवा वजा आला आणि एसीवर टाकल्यावर १२च्या जवळ गेला, तर एसी.

सोपा उपाय म्हणजे पॅकिंगवर ‘एसी/डीसी’ स्पष्ट लिहिलेला बल्ब घेणे. दुसरा उपाय, डिपर स्विचकडे जाणाऱ्या वायरवर १० अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा चार डायोडांचा भाग) आणि त्याच्या आउटपुटला २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा, वीज सपाट करणारा कपॅसिटर. इथे हमखास चूक होते ती मायनसची. कॉइलचं एक टोक आधीच चासीला (गाडीच्या सांगाड्याला) अर्थ असतं. त्यामुळे बल्बची मायनस वायर ब्रिजच्या मायनसलाच जोडा. ती चासीला लावली, तर अर्ध्या सायकलला कॉइल एका डायोडमधून शॉर्ट होते आणि ब्रिज जळतो. बल्बचं हीटसिंकही (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हेडलाइटच्या पत्र्याला टेकू देऊ नका.

थेट बॅटरीवरून वायर ओढून देणारे मेकॅनिक भेटतील. १८ वॅटचा बल्ब दीड अँपिअर खातो. अशा गाडीचं चार्जिंग मुळात तुटपुंजं, त्यामुळे रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये बॅटरी उतरत जाते. हे करायचंच असेल तर कॉइलचा अर्थ उचलून फुल-वेव्ह रेग्युलेटर (दोन्ही अर्ध्या सायकल वापरणारा) बसवावा लागतो.

प्रश्न : एलईडी लावल्यापासून समोरचे सारखे डिपर मारतात, आणि मला मात्र रस्ता पूर्वीपेक्षा कमी दिसतो. असं कसं? — वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींचं कारण एकच. रिफ्लेक्टर बनवलेला असतो तो फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी. मूळ एचएस१ (दोन फिलामेंटचा हॅलोजन) बल्ब हातात घेऊन पाहा : लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी दिसेल. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून बीमला वरून कडा येते. एलईडीच्या चिप्स मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी ती कडा फुटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

चिप्स डाव्या-उजव्या बाजूला, घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी हव्यात. वर-खाली असतील तर कॉलर (बल्ब बसवायची कडी) फिरवून घ्या. मग टायरमध्ये नीट हवा भरून, गाडीवर बसून, ५ मीटरवरच्या भिंतीवर पाहा. हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर खूण करा. लो बीमची वरची कडा तिच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. कडाच दिसत नसेल, तर नुसता अँगल खाली करून भागणार नाही. तो बल्ब काढा. लुमेनचा (एकूण प्रकाशाच्या मापाचा) मोठा आकडा पाहून घेतलेल्या जाड पट्टीच्या बल्बांत हे फार दिसतं.

प्रश्न : पावसाळ्यात घाटासाठी कुठला रंग? — वाचक, चिपळूण

उत्तर : ४३०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपासचा, किंचित पिवळसर. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा ओल्या डांबरावर फिका पडतो आणि धुक्यात स्वतःच्याच डोळ्यांवर येतो. जुना हॅलोजन फेकू नका, कापडात गुंडाळून टूलकिटमध्ये ठेवा. मात्र काचेला बोट लावू नका.