राजीनामा देण्याआधी एवढं वाचा

(हे उत्तर २०१० सालचं आहे. यातले नियम तेव्हाचेच समजा, पुढे ते बदलले.) तुम्ही लिहिलंय की इथे अमेरिकेत मार्च २०१० मध्ये आरोग्य विमा सुधारणेचं विधेयक मंजूर झाल्यापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याला स्वतःचा व्यवसाय काढायचाय, पण विमा नोकरीतूनच मिळतो, म्हणून दोन वर्षं तो मुलाच्या विम्यापायी नोकरीत अडकून पडलाय. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला टाइप वन डायबेटिस. तुम्हाला थायरॉइड. आता ओबामांनी सही केलीय, तर राजीनामा द्यायला हरकत नाही ना, असा तुमचा प्रश्न.

इतक्यात देऊ नका. आणि द्यायचाच ठरला, तर विम्यात एका दिवसाचाही खंड पडणार नाही अशी सोय आधी करा.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण आम्ही पोळलोय. २००२ साली माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. मुलगी चार वर्षांची, तिला दमा. कोब्रा घेतला, म्हणजे नोकरी सुटल्यावरही काही काळ चालू ठेवता येणारा जुन्याच कंपनीचा विमा, फक्त कंपनीचा वाटाही आपल्या खिशातून, वर दोन टक्के. तो हप्ता बघून छातीत धस्स व्हायचं. चौथ्या महिन्यात मी म्हटलं, बंद करू, आपण थेट एखादी स्वस्त पॉलिसी घेऊ. अर्ज आला. पानंच्या पानं प्रश्न: गेल्या काही वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे गेलात, कशासाठी गेलात, औषध कोणतं. मी खरं ते सगळं लिहिलं, नेब्युलायझरसकट. तीन आठवड्यांनी पातळ पाकीट आलं, आत एकच कागद. मुलीला विमा देता येत नाही.

तोवर कोब्रा हातचा गेला होता. ऑक्टोबरात एका रात्री तिला इमर्जन्सीत न्यावं लागलं. ती मास्क लावून माझ्या मांडीवर होती आणि मी मनात बिलाचा हिशोब करत होते, याची लाज मला अजून वाटते. शेवटी नवऱ्याने दोन तास लांबची, नको असलेली नोकरी विम्यासाठी धरली. तिथेही मध्ये ६३ दिवसांहून जास्त खंड पडला म्हणून दम्याचा खर्च पहिले बारा महिने विम्यातून वगळला. कायद्याने त्यांना तशी मुभा होती.

म्हणून २१ मार्च २०१० च्या रात्री प्रतिनिधिगृहात विधेयकाच्या बाजूच्या मतांचा आकडा मंजुरीला लागणाऱ्या २१६ वर गेला, तेव्हा मला रडू आवरलं नाही. शेवटी २१९ विरुद्ध २१२ झालं. रिपब्लिकनांचं एकही मत नाही, ओबामांच्याच पक्षाचे ३४ डेमोक्रॅट विरोधात. इतक्या थोडक्यात सुटलं.

आता तुमच्या घराचं बघू. मुलासाठी बातमी चांगली आहे. सही २३ मार्चला झाली. त्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे २३ सप्टेंबरपासून सुरू होणाऱ्या नव्या पॉलिसींत १९ वर्षांखालच्या मुलांचा आधीचा आजार वगळता येणार नाही. मधे विमा कंपन्यांनी असा अर्थ काढला होता की आजार वगळायचा नाही, पण मुलाला पॉलिसीच नाकारायला मोकळीक आहे. तेव्हाच्या आरोग्य सचिव (आपल्याकडच्या आरोग्यमंत्र्यांसारखं पद) सेबेलियस यांनी कंपन्यांच्या संघटनेला खरमरीत पत्र लिहिलं, तेव्हा त्यांनी नियम पाळू असं मान्य केलं. पण हप्ता किती लावायचा यावर या कायद्याचा लगाम २०१४ पर्यंत नाही, आणि पॉलिसी मिळूनही हप्ता झेपला नाही तर काय उपयोग?

तुमचं स्वतःचं खरं अवघड आहे. मोठ्यांना आधीच्या आजारामुळे नाकारायचं नाही, आजारावरून हप्ता वाढवायचा नाही, हे सगळं १ जानेवारी २०१४ पासून. तोवर केंद्र सरकार ज्यांना कुणी विमा देत नाही अशांसाठी एक योजना आणतंय, ५०० कोटी डॉलरची. ते ऐकून बरेच जण निर्धास्त झालेत. त्यात मेख अशी की आधी सहा महिने तुम्ही बिनविम्याचे असायला हवेत. नऊ वर्षांचं मूल इन्सुलिनवर असताना कुणीही तो रस्ता धरू नये.

मग करायचं काय? राजीनामा आपणहून दिला तरी कोब्रा मिळतो, १८ महिने. (६५ टक्के हप्ता सरकार भरायचं ती २००९-१० मधली सवलत मात्र फक्त कामावरून काढलेल्यांना होती.) कितीही महाग वाटला तरी तो शेवटच्या दिवसापर्यंत भरा. पूर्ण १८ महिने संपवले आणि नंतर ६३ दिवसांच्या आत अर्ज केला, तर १९९६ च्या हिपा (HIPAA) या आरोग्य विमा कायद्याने तुम्हाला आजाराची अट न घालता पॉलिसी मिळण्याचा हक्क आहे. मला हे २००२ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या महिन्यात मी कोब्रा सोडला आणि हा हक्कही त्याच्याबरोबर गेला.

दुसरा मार्ग व्यवसायातूनच निघू शकतो. दोन ते पन्नास कर्मचाऱ्यांच्या कंपनीला गट विमा नाकारता येत नाही. नवरा-बायको मिळून दोन कर्मचारी धरतात की नाही, ते राज्यावर आहे. न्यूयॉर्क, न्यूजर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत तर २०१० मध्येच वैयक्तिक पॉलिसीही आजारापायी नाकारता येत नव्हती, हप्ते मात्र जबर होते.

विमा न घेणाऱ्यांना या कायद्यात दंड ठेवला म्हणून आपल्यातले बरेच जण चिडलेत. २०१४ मध्ये तो ९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या एक टक्का, यातलं जे जास्त ते. मला तो मान्य आहे. आजारी माणसाला नाकारायचं नाही म्हटलं, तर धडधाकट माणसांनीही हप्ता भरायला हवा, नाहीतर सगळे आजारी पडल्यावरच रांगेत येतील. सरकारी विम्याचा पर्याय विधेयकातून गळाला याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. आणि चार वर्षं थांबायला लावणं फार आहे. ज्याच्या घरात आज आजार आहे, त्याला चार वर्षं कशी काढायची ते विचारा.

तुम्ही दोघं ग्रीन कार्डवर आहात, त्यामुळे २०१४ मधल्या एक्स्चेंजवर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एकत्र मिळतील त्या बाजारात, विमा आणि उत्पन्न बसलं तर हप्त्यात सवलत, दोन्ही तुम्हाला मिळेल. सासू-सासरे सहा महिने राहायला येतात, त्यांचा प्रवासी विमा पूर्वीसारखाच काढावा लागेल.

नोकरी सुटेल तेव्हा, खंड पडला नाही हे दाखवायला आधीच्या विम्याचा दाखला एचआरकडून मागून घ्या, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन्ही आहेत ना ते तिथेच बघा. आणि तुमचं राज्य कोणतं, आताच्या कंपनीत किमान वीस माणसं आहेत का, एवढं कळवा. वीसपेक्षा कमी असतील तर कोब्राचं गणितच बदलतं.