डेटा अ‍ॅनालिटिक्सचा, म्हणजे नोंदी गोळा करून त्यांतून निष्कर्ष काढण्याचा, नोकरदारांपलीकडे समाजाला काही उपयोग होतो का?

होतो. मुंबईकराला तर पावसाचं उदाहरण पुरेसं आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी. एकाच शहरात एवढा फरक! दक्षिण मुंबईत बसलेल्या माणसाला कुर्ल्यात, कलिन्यात काय चाललंय याची कल्पनाच येऊ शकत नव्हती. दोन ठिकाणच्या नोंदींवर एवढं मोठं शहर चालवता येत नाही, हे त्या दिवशी फार महागात पडून कळलं.

नंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. २०२० मध्ये 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी, जमिनीचा चढउतार, नाल्यांची क्षमता हे सगळं एकत्र मांडून कुठे किती पाणी साचेल याचा अंदाज ती देते. यात भरती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मोठ्या भरतीला समुद्रच पाणी आत घेत नाही. मग तोच पाऊस दुप्पट त्रास देतो.

अभियंत्याला यातून पंप कुठे न्यायचे ते ठरवता येतं, डॉक्टरला लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) साथ कुठे वाढेल याचा अदमास येतो. पण हा इशारा मिठी नदीकाठच्या झोपडीत वेळेवर आणि मराठी-हिंदीत पोचला पाहिजे. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत तिथे घ्यायला हवी.