घरात इंग्रजीच बोलावे का?

प्रश्न : माझी मातृभाषा मराठी आहे आणि पतींची कन्नड. आम्ही दोघे एकमेकांशी बहुतेक वेळ इंग्रजीतच बोलतो. आमची मुलगी चार वर्षांची असून नुकतीच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली आहे. तीन भाषांमुळे तिचा गोंधळ होईल, म्हणून घरी फक्त इंग्रजी बोला, असे तिच्या शिक्षिकांनी सुचवले. पतींना ते पटले आहे, मला पटत नाही. मुलीला मराठी समजते, पण उत्तर ती इंग्रजीत देते. माझ्या हट्टापायी तिचे नुकसान तर होणार नाही ना?
— एक आई

उत्तर : आधी आपल्या पतींच्या बाजूने थोडे बोलू द्या. घरी इंग्रजीचा आग्रह धरणारे पालक मातृभाषेचे वैरी नसतात. शिकताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत आपली जीभ जिथे अडखळली, तिथे आपल्या लेकराची अडखळू नये, एवढीच त्यांची तळमळ असते. तिला भाषाद्रोह म्हणणे अन्यायाचे आहे, आणि तसे म्हटल्याने घरातला संवादही तुटतो. मात्र ही तळमळ खरी असली, तरी तिच्यावर शोधलेला उपाय मला चुकीचा वाटतो.

दोन भाषांमुळे मूल गोंधळते हा समज जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक चाचण्यांत द्विभाषिक मुले मागे पडलेली दिसली, पण त्यांतील बरीच मुले गरीब स्थलांतरित कुटुंबांतली होती आणि चाचणी त्यांना नीट न येणाऱ्या भाषेत घेतली जात असे. १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना करताना घरची आर्थिक स्थिती व दोन्ही भाषांवरील प्रभुत्व यांचा विचार केला, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणारी मुले उलट सरस ठरली. आपली मुलगी एकाच वाक्यात दोन भाषांतले शब्द वापरत असेल, तर तोही गोंधळ नव्हे. हाताशी असलेला शब्द ती उचलते, मोठी माणसेही तेच करतात. तिचा शब्दसंग्रह मोजायचा झाला, तर तिन्ही भाषांतला मिळून मोजावा.

इंग्रजी तिला शाळेतून, पुस्तकांतून, पडद्यावरून आणि आपल्या दोघांच्या बोलण्यातूनही मिळतच राहणार आहे. जिम कमिन्स या अभ्यासकांनी दाखवले आहे, की नव्या भाषेत रोजचे बोलणे साधारण २ वर्षांत जमते, पण अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला ५ ते ७ वर्षे लागतात. चार वर्षांच्या मुलीच्या इंग्रजीवर एवढ्यातच निकाल देण्याची घाई म्हणूनच नको. शिवाय 'कारण', 'तुलना', 'आधी आणि नंतर' या कल्पना मूल ज्या भाषेत समजून घेते, त्या भाषेपुरत्याच त्या राहत नाहीत. मराठीत पक्की झालेली समज इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागत नाही.

आपल्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. आपण दोघे एकमेकांशी इंग्रजीत बोलता. 'एक पालक, एक भाषा', म्हणजे प्रत्येक पालकाने मुलाशी आपापल्याच भाषेत बोलायचे, ही पद्धत प्रसिद्ध आहे. झ्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या मुलावरच्या १९१३ सालच्या पुस्तकात तिचे वर्णन केले होते. परंतु आनिक द हाउवर या भाषाअभ्यासक बाईंनी बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातील १८९९ बहुभाषिक कुटुंबांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश मुले घरची, म्हणजे बाहेर समाजात न चालणारी, भाषा बोलतच नव्हती, आणि ही पद्धत पाळल्याने यश मिळेलच असेही दिसले नाही. आई-वडील दोघेही घरची भाषा बोलत, तिथे ती मुलांच्या तोंडी टिकण्याची शक्यता बरीच अधिक होती. मुले फार सूक्ष्म निरीक्षण करतात, आणि मोठ्यांची खरी भाषा कोणती हे त्यांना आपल्याला समजायच्या आधी समजलेले असते. निदान काही प्रसंगी तरी पतींनी आपल्याशी मोडकीतोडकी का होईना मराठी बोलावी आणि आपण त्यांच्याशी कन्नड. चुका होऊ द्याव्यात, मुलीसमोर होऊ द्याव्यात.

ती इंग्रजीत उत्तर देते तेव्हा 'मराठीत बोल' असे दटावू नका. तिने इंग्रजीत जे सांगितले, तेच आपण मराठीत थोडे वाढवून म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा. एखादे उत्तर मराठीत आले, की कौतुकाचा गाजावाजा न करता गप्पा पुढे न्या. सर्व भाषांत मिळून तिचे बोलणेच उशिरा येत असेल, किंवा हाक मारल्यावर ती प्रतिसाद देत नसेल, तर मात्र वाचा-उपचार तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. त्यासाठीही एखादी भाषा सोडण्याची गरज नसते.

पतींना मी हे सांगेन, की आपल्या मुलीला कन्नड देणारे घरात आपणच आहात. तिला निजवताना तिच्याशी त्याच भाषेत बोला. शिक्षिकांना भेटून, त्यांची काळजी आपल्याला समजली आहे आणि घरी तिन्ही भाषा चालू ठेवण्याचा निर्णय आपण विचारपूर्वक घेतला आहे, असे दोघांनी मिळून सांगावे.