पोरीला विचारलं का?

"मॅडम, मला काही हे झेपत नाही. रात्री अडीचला जाग येते आणि ती पोर डोळ्यांसमोर उभी राहते. सोडून देऊ का?"

विश्रामबागेतल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. एका संस्थेमार्फत त्या सांगलीच्या एका बालगृहात दर गुरुवारी जायच्या. मुलांसाठी उभं राहणाऱ्या स्वयंसेवकांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते: इतकं गुंतणं बरोबर आहे का? (मुलांची ओळख जपणं कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी नऊ वर्षांची. काकानं तिला ऊसतोडीला नेलं होतं, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, लहानग्याला सांभाळायला. तिथून पळाली आणि मिरज जंक्शनवर एकटी सापडली. चोवीस तासांच्या आत तिला बालकल्याण समितीपुढं, म्हणजे अशा मुलांचं पुढं काय ते ठरवणाऱ्या समितीपुढं, हजर केलं गेलं. तिथं मान खाली घालून गप्प. गृहचौकशीत जत तालुक्यातल्या आजीचं घर सापडलं, एका खोलीचं, पत्र्याचं.

बाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. "त्या खोलीत काय भवितव्य आहे पोरीचं? बालगृहात निदान शाळा आहे. नाहीतर मीच घरी आणते." बोलता बोलता त्यांचा गळा दाटला.

मी त्यांना गुंतू नका म्हटलं नाही. ज्याचा जीव गुंतत नाही, त्यानं या कामात येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी एवढंच विचारलं, "पोरीला काय हवंय?"

बाई गप्प झाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "मी राजगिऱ्याचे लाडू नेते. ती अर्धा खाते आणि अर्धा कागदात गुंडाळून उशाखाली ठेवते. उपाशी राहिलेली पोर, साठवत असेल."

"तिला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. चार महिने त्या तिच्यासाठी झटत होत्या, झुरत होत्या, पण तिच्या वतीनं सगळं स्वतःच ठरवत होत्या. झोप उडण्याचं कारण मला तिथंच दिसलं. अख्ख्या आयुष्याचा निर्णय त्यांनी एकटीच्या डोक्यावर घेतला होता. तो त्यांचा नव्हताच. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेणं हे तत्त्व आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. निर्णय समितीचा. स्वयंसेवकानं ठरल्या वेळी जायचं, ऐकायचं आणि ऐकलेलं योग्य जागी पोचवायचं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी विचारलं. उत्तर आलं, "आज्जीला. तिला दात न्हाईत, राजगिरा मऊ असतो."

मिरजेला ती पळून आली होती ती जतची गाडी शोधत.

बाईंनी हे बालगृहाच्या समाजसेविकेला सांगितलं. पुढच्या बैठकीत त्या मुलीशेजारी बसल्या. या वेळी ती बोलली, "आज्जीकडं जायचंय. पर शाळा पायजे." समितीनं आजीकडे सोपवलं, मूल घरीच सांभाळायला मदत देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घेतला. महिन्याला २२५० रुपये. त्यात खोली मोठी होत नाही, पण वह्या, चपला आणि दुधाचा खर्च निघतो.

बाई आता महिन्यातून एकदा एसटीनं जतला जातात. परवा झोपेचं विचारलं. म्हणाल्या, "जाग येते अजून. पण कूस बदलली की लागतो डोळा."