रोमन पूल का टिकले : काँक्रीटपेक्षा पाया आणि पाणी यांची गोष्ट

रोमन काँक्रीटमध्ये असे काय होते की त्यांचे पूल दोन हजार वर्षे उभे राहिले, आपले पूल पन्नास-साठ वर्षांतच धोकादायक का ठरतात, आणि येत्या उन्हाळ्यात रोमला जाणार आहात तर तेथे नेमके काय पाहावे, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पूल काँक्रीटमुळे टिकले हे पहिल्या प्रश्नातील गृहीतकच मला मान्य नाही, त्यामुळे सुरुवात तेथूनच करतो.

रोमन काँक्रीटविषयी गेल्या काही वर्षांत जे वाचायला मिळते, त्याचा उगम मुख्यतः दोन संशोधनांत आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की समुद्रातील रोमन धक्क्यांच्या काँक्रीटमध्ये शिरलेल्या खाऱ्या पाण्याची ज्वालामुखीच्या राखेशी दीर्घकाळ अभिक्रिया होऊन नवे खनिज-स्फटिक तयार होतात आणि ते पदार्थाला आतून घट्ट करतात. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात काँक्रीटमधील चुन्याच्या पांढऱ्या खड्यांकडे लक्ष वेधले गेले. भेगेत पाणी शिरले की हे खडे थोडे विरघळतात आणि तोच चुना पुन्हा स्थिरावून भेग बुजते. दोन्ही संशोधने महत्त्वाची आहेत. मात्र पहिल्यातील काँक्रीट बंदरांचे होते आणि दुसऱ्यातील नमुने प्रिव्हेर्नम या नगराच्या तटभिंतीचे होते. पुलांचा संबंध बातम्या लिहिणाऱ्यांनी जोडला.

प्रत्यक्षात ज्या बांधकामांची छायाचित्रे अशा बातम्यांसोबत हमखास छापली जातात, त्यांच्या कमानींत काँक्रीट नाही. स्पेनमधील ताखो नदीवरचा अल्कांतारा येथील पूल सम्राट त्राजानच्या काळात, इ.स. १०४ ते १०६ च्या सुमारास, गायस युलियस लासर या स्थापत्यकाराने बांधला. त्याच्या कमानी ग्रॅनाइटच्या घडीव चिऱ्यांच्या असून दरजांमध्ये चुना नाही. दक्षिण फ्रान्समधील पों द्यू गार हा मुळात पाणी वाहून नेणारा जलसेतू, उंची सुमारे ४९ मीटर. त्याचे खालचे दोन मजलेही कोरड्या दरजांचे आहेत आणि त्यातील काही चिरे सहा टनांपर्यंत वजनाचे आहेत. चिऱ्यांचे पृष्ठभाग इतके नेटके घडवले होते, की एका दगडाचा भार दुसऱ्यावर पूर्ण पृष्ठभागातून उतरावा. चुना तेथे वापरला असता, तर तो चिकटवण्यासाठी नव्हे, फक्त फटी भरण्यासाठी उपयोगी पडला असता.

ज्वालामुखीची राख, म्हणजे पोझोलाना, पुलांच्या कामात आली ती मुख्यतः इटलीत, आणि विशेषतः पाण्याखालच्या भागात. स्थापत्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या रोमन विट्रुव्हियसने बंदरांच्या कामासाठी दोन भाग राख आणि एक भाग चुना असे प्रमाण सांगितले आहे. हे मिश्रण हवेशिवाय, पाण्यातही घट्ट होते, हा त्याचा खरा गुण. जेथे राख मिळत नसे तेथे रोमन गवंडी भाजलेल्या विटांचा चुरा चुन्यात घालत. आपल्याकडची सुरखी याच तत्त्वावर चालते, त्यामुळे यात अनाकलनीय असे काही नाही.

आता कमानीकडे वळू. दगड दाब प्रचंड सोसतो, ताण मात्र जवळजवळ सोसत नाही. दोन खांबांवर आडवी दगडी तुळई ठेवली, तर तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि ती काही मीटरांतच मोडते. कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि सगळा भार दाबाच्या रूपाने खाली जातो. रोमनांची आवड अर्धवर्तुळाची, म्हणजे कमानीची उंची तिच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, निम्मी. आधुनिक हिशोबाने पाहिले तर हा आकार काही आदर्श नव्हे. परंतु त्याचा एक मोठा फायदा असा, की आधारांवर येणारा आडवा रेटा कमी राहतो. गाळा आणि भार तोच ठेवून कमानीची उंची एक-तृतीयांश केली, तर हा रेटा ढोबळमानाने तिप्पट होतो. दुसरा फायदा बांधणाऱ्याचा : अर्धवर्तुळातील सर्व पाचरी एकाच साच्यावर घडवता येतात, आणि एकदा केलेले लाकडी सेंटरिंग, म्हणजे कमान पूर्ण होईपर्यंत तिला खालून धरणारा सांगाडा, दुसऱ्या गाळ्याला पुन्हा लावता येते. पों द्यू गारच्या मोठ्या कमानी तर शेजारी शेजारी उभ्या केलेल्या स्वतंत्र वलयांच्या आहेत, त्यामुळे अरुंद सेंटरिंग पुढे सरकवत संपूर्ण रुंदी बांधता आली. तेथील दगडांवर डावे-उजवे आणि क्रमांक दाखवणाऱ्या गवंड्यांच्या खुणा अजून दिसतात, आणि सेंटरिंगला टेकू देण्यासाठी बाहेर काढून ठेवलेले दगड नंतर कोणी कापलेही नाहीत.

याच संदर्भात स्वतःच्या वजनाचा मुद्दा येतो. दगडी कमान आणि तिच्यावरचा भराव यांचे वजन शेकडो टन भरते, त्यामुळे तिच्यावरून गाडी गेली किंवा ट्रक गेला तरी दाबाची रेषा, म्हणजे भार ज्या वाटेने कमानीतून खाली जातो ती, फारशी हलत नाही. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या पुलांवरून विसाव्या शतकात मोटारी चालू शकल्या, त्याचे कारण हे आहे. फ्रान्समधील आप्त गावाजवळचा पों ज्युलियाँ इ.स.पू. ३ मधील, त्याच्यावरून २००५ पर्यंत मोटारी जात होत्या.

रोमन खांब जाड असत, आणि ही जाडी अज्ञानातून आली असे मला वाटत नाही. अल्कांतारा येथे मधले गाळे २८ मीटरांच्या आसपास आणि मधले खांब सुमारे ९ मीटर जाड, म्हणजे एकास तीन असे प्रमाण पडते. इतका जाड खांब शेजारच्या कमानीच्या मदतीशिवाय एकट्या कमानीचा रेटा पेलतो. परिणामी बांधताना एकेक गाळा पूर्ण करत जाता येते, आणि एखादा गाळा पडला तरी उरलेला पूल उभा राहतो. अठराव्या शतकात पेरोने या फ्रेंच अभियंत्याने खांब सडपातळ आणि कमानी चपट्या केल्या. त्यामुळे नदीला वाट मोकळी मिळाली, पण कमानी एकमेकींच्या रेट्यावर तोलून राहू लागल्या, आणि एक गेली की सगळ्यांना धोका अशी स्थिती आली.

येथवरचे सगळे पाण्यावरच्या भागाचे झाले. पूल पडतात ते बहुधा पाण्याखाली, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. नदीत खांब उभा केला की प्रवाहाची वाट अरुंद होते, पाण्याचा वेग वाढतो आणि खांबाच्या पुढच्या अंगाला भोवरा तयार होऊन तो तळची वाळू खरवडू लागतो. पुरात हा खड्डा काही तासांत मीटरभर किंवा त्याहून खोल होऊ शकतो, आणि पूर ओसरताना गाळाने पुन्हा भरतोही, त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला काही घडल्याचे कळत नाही. पाया उघडा पडला की वरची कमान कितीही उत्तम असो, खांब कलतो आणि सगळे कोसळते. रोमनांच्या जाड खांबांनी हा धोका वाढवलेलाच होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

त्यावर त्यांनी केलेले उपाय मात्र पाहण्यासारखे आहेत. जागा निवडताना शक्य तेथे खडक शोधला. अल्कांतारा पूल आजही उभा आहे त्याचे निम्मे श्रेय मी त्याखालच्या खडकाला देईन. खडक खोल असेल तर नदीत खुंटांच्या दोन रांगा ठोकून, त्यांमध्ये चिकणमाती ठासून बांध घालायचा, आतले पाणी रहाटांनी उपसायचे आणि कोरड्या तळावर पाया घ्यायचा. याला आज आपण कॉफरडॅम म्हणतो आणि विट्रुव्हियसने त्याचे वर्णन केले आहे. भुसभुशीत जमिनीसाठी तो अल्डर, ऑलिव्ह किंवा ओक यांची पृष्ठभागावर जाळलेली लाकडे ठोकायला सांगतो. कायम पाण्याखाली असलेले लाकूड हवेअभावी कुजत नाही, म्हणून हा पाया शतकानुशतके टिकतो. खांबाच्या प्रवाहाकडील अंगाला टोकदार नाक काढलेले असते, आणि खांबांच्या वरच्या भागात, दोन कमानींच्या मध्ये, छोट्या खिडक्या ठेवलेल्या असतात, म्हणजे पाणी तेथपर्यंत चढले तर अडून न राहता पार जाते. रिमिनी येथे ऑगस्टसच्या काळात सुरू होऊन इ.स. २१ मध्ये तिबेरियसच्या काळात पूर्ण झालेल्या पुलाचे खांब तर रस्त्याशी काटकोनात नसून नदीच्या प्रवाहाच्या दिशेने तिरके लावलेले आहेत. तिरक्या कमानी घडवणे कितीतरी किचकट असते. तरीही ते केले गेले.

हे ज्ञान त्यांना पहिल्या प्रयत्नात मिळाले नव्हते. जर्मनीतील ट्रिअर येथे मोझेल नदीवर इ.स.पू. १८-१७ मध्ये त्यांनी लाकडी पूल बांधला, इ.स. ७१ मध्ये दुसरा, आणि १४४ ते १५२ या काळात बेसॉल्ट दगडाच्या भक्कम खांबांचा तिसरा. त्या तिसऱ्या पुलाचे खांब आज मोटारींचा भार वाहतात, पण वरच्या कमानी अठराव्या शतकातल्या आहेत. रोमन काळात त्या खांबांवर लाकडी माथा होता.

यावरून दुरुस्तीचा विषय निघतो, जो या चर्चांमध्ये जवळजवळ नेहमी सुटतो. अल्कांताराचा पूल युद्धांत वारंवार तोडला गेला. सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या काळात त्याची दुरुस्ती झाली, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात १८०९ मध्ये त्याचा एक गाळा उडवला गेला, आणि १८६० मध्ये तो पुन्हा नीट उभा करण्यात आला. ‘दोन हजार वर्षे टिकला’ या वाक्यात अशी कित्येक पिढ्यांची डागडुजी झाकली जाते. शिवाय आपण पाहतो ते उरलेले पूल. वाहून गेलेले, तोडून ज्यांचे दगड घरांना वापरले गेले ते, आणि लाकडी असल्याने कुजलेले पूल आपल्या नजरेसमोर नाहीत. दान्यूब नदीवरचा त्राजानचा वीस खांबांचा एक किलोमीटरहून लांब पूल त्या युगातला अपूर्व पराक्रम होता. त्याचा वरचा भाग पुढच्याच सम्राटाने, हेड्रियनने, काढून टाकला. सेंटरिंग काढून कमान सुटी करताना अभियंत्याला तिच्याखाली उभे करत असत, ही जी गोष्ट तुम्ही लिहिली आहे ती मला कोणत्याही रोमन लेखनात आढळलेली नाही. ऐकायला चांगली आहे, एवढेच.

आपले पूल लवकर का खचतात, याचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. आजचे बहुतेक पूल लोखंडी सळईच्या जोरावर ताण सोसतात, आणि त्यामुळेच ते सडपातळ, लांब गाळ्यांचे आणि स्वस्त होतात. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, काँक्रीट आतून फुटते, आणि भेगेतून आणखी पाणी शिरते. खाडीवर खाऱ्या हवेत, सळईवरचे काँक्रीटचे आवरण कमी पडले असेल तर, हे फार लवकर घडते. रोमन पुलाच्या कमानी अशा गंजणाऱ्या सळईवर अवलंबून नव्हत्या. पण म्हणून दगडी कमान हा सुरक्षिततेचा दाखला ठरत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेलेला ब्रिटिशकालीन पूलही दगडी कमानींचाच होता. अशा जुन्या पुलांची तपासणी वरच्या कठड्यांची आणि रंगाची नव्हे, तर पाण्याखाली उतरून पायाची झाली पाहिजे, आणि ती पावसाळ्याआधी एकदा व पुरानंतर पुन्हा, हे मी येथे पूर्वीही लिहिले आहे.

आज रोमन पद्धतीने पूल बांधता येणार नाही असे नाही. पण तीस-पस्तीस मीटरांपुढचे गाळे, खालून जाणारी जहाजे, चार पदरी रुंदी आणि तीन वर्षांची मुदत असे सगळे एकत्र मागितले, तर घडीव दगड त्यात बसत नाही. स्पेनमधील मेरिदा येथे ग्वादियाना नदीवर सुमारे आठशे मीटर लांबीचा रोमन पूल आहे. तेथे १९९१ मध्ये वाहनांसाठी शेजारी नवा पूल केला आणि जुना पादचाऱ्यांसाठी राखला. मला हा शहाणपणाचा मार्ग वाटतो.

राहिला तुमचा रोमचा प्रवास. टायबर नदीतील बेटाकडे जाणारा पोन्स फाब्रिसियस इ.स.पू. ६२ मध्ये रस्त्यांचा अधिकारी लुसियस फाब्रिसियस याने बांधवला. कमानींवर त्याचे नाव कोरलेले आहे, आणि इ.स.पू. २१ च्या कॉन्सल-जोडीने, म्हणजे त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, काम पाहून मान्य केल्याचा लेखही आहे. इ.स.पू. २३ मध्ये टायबरला मोठा पूर आला होता, त्यामुळे ती मान्यता दुरुस्तीनंतरची असावी. पुलावर थांबण्यापेक्षा खाली नदीकाठच्या वाटेवर उतरा आणि मधल्या खांबातली खिडकी व त्याच्या पायथ्याचे नाक पाहा. उन्हाळ्यात पाणी कमी असल्याने ते स्पष्ट दिसते.

तेथून प्रवाहाच्या दिशेने काही मिनिटे चालत गेलात, की पोन्ते पालातिनो या आधुनिक पुलावरून पोन्ते रोत्तो, म्हणजे ‘मोडका पूल’, दिसेल. रोममधला हा पहिला दगडी पूल, खांब इ.स.पू. १७९ चे, कमानी इ.स.पू. १४२ च्या. बेटाच्या दोन्ही बाजूंचे प्रवाह ज्या जागी एकत्र येतात तेथेच तो उभा होता. पुरांनी तो पुन्हा पुन्हा पाडला, पोपांनी पुन्हा पुन्हा बांधला, आणि १५९८ च्या पुरानंतर तो नाद सोडण्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नव्या पुलासाठी उरलेल्यांपैकी दोन कमानी पाडल्या गेल्या. आज दिसणारी एकुलती कमान सोळाव्या शतकातली आहे, तिच्याखालचे खांब मात्र मूळचे. त्याच पुलावरून डाव्या काठाकडे पाहिल्यास क्लोआका मॅक्सिमा या प्राचीन सांडपाणी-वाहिनीचे कमानदार तोंडही दिसेल. झाडी वाढलेली असेल तर थोडे शोधावे लागेल.