रिपोर्ट शाळेला द्यायचा की नाही?

मी काउन्सेलर आहे. मुलाच्या टेस्टिंगचा रिपोर्ट हातात आला की महिन्यातून एखादी तरी आई हा प्रश्न घेऊन येतेच, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.

कोपरखैरण्याला माझ्याकडे घणसोलीच्या एक ताई आल्या होत्या, मुलगा सातवीत. वाचताना अडखळायचा, वहीत ओळीओळीला चुका, पण तोंडी विचारा, धडाधड उत्तरं. टेस्टिंगमध्ये डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला जड जाणं) निघाला, मग सायन हॉस्पिटलला चकरा मारून त्याचं सर्टिफिकेटही मिळालं. म्हटलं आता हे शाळेत द्या, तर ताई म्हणाल्या, "मॅडम, काही झालं तरी शाळेत देणार नाही."

कारण ऐकलं आणि मलाच कसंतरी झालं. आदल्या वर्षी वर्गशिक्षिकेने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अख्खी एक्सेल शीट टाकली, त्यात आधार नंबर, जात, वडिलांचा मोबाईल, युनिट टेस्टचे मार्क सगळं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. याच्या नावापुढे 'स्लो, काउन्सेलिंग चालू'. अर्ध्या तासात डिलीट केली, पण तोवर कोणीतरी स्क्रीनशॉट काढलेला. दुसऱ्या दिवशी स्कूलबसमध्ये पोरं त्याला 'स्लो मोशन' म्हणून हाका मारायला लागली आणि हा चार दिवस शाळेतच गेला नाही.

त्यानंतर ताईंनी शाळेला काहीच सांगायचं नाही असं ठरवून टाकलं. अपारचा (प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) संमती फॉर्म सही न करता परत, मेडिकल फॉर्म कोरा. पोराला दमा आहे, पंप दप्तरात असतो, आणि पीटीच्या सरांना पत्ताच नाही! हे ऐकून मात्र मी घाबरले.

मी म्हटलं, ताई, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. पण माहिती शाळेत गेली म्हणून हे झालं नाही, ती नको त्या लोकांपुढे गेली म्हणून झालं. दहावीला जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट, लागला तर लेखनिक, हे सगळं त्या सर्टिफिकेटवरच मिळतं, ते कपाटात ठेवून कसं मिळणार?

मग नऊ पानी रिपोर्ट काढला आणि पेन्सिल घेऊन बसलो. जन्माच्या वेळचा त्रास, बुद्ध्यांक, घरातली भांडणं, आजोबांचं दारूचं, यातलं शाळेला काय करायचंय? काहीच नाही. शाळेला हवं सर्टिफिकेट आणि वर्गात त्याला कशी मदत करायची याचं एक पान. ते पान मी वेगळं लिहून दिलं. तुम्हीही काउन्सेलरकडे असं पान मागा, मागायला अजिबात लाजू नका.

ताईंना कायद्याचंही सांगितलं. अपारची संमती ऐच्छिक आहे. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2018 लाच सांगितलंय. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची संमती लागते, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. शिक्षण आणि सुरक्षेच्या कामासाठी शाळांना त्यात थोडी सूट आहे, पण म्हणून मुलाचा शेरा ग्रुपवर टाकायला ती सूट नाही.

मुख्याध्यापिका बाईंना आम्ही दोघी भेटलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माफी मागितली. कागद त्यांच्या कपाटात राहणार, मदतीचं पान फक्त शिकवणाऱ्या शिक्षकांना, मार्क ज्याचे त्याला, हे पत्रावर लिहून घेतलं. आणि त्यांनी स्वतःहून एक केलं ते मला फार आवडलं, सातवीच्या सगळ्या तुकड्यांचे तोंडी आणि लेखी मार्क शेजारी ठेवून बघितले, तर तोंडीत हुशार आणि लेखीत एकदम खाली अशी अजून पाच मुलं सापडली. ही पाच पोरं आजवर आळशी म्हणून ओरडा खात होती. त्यांच्या आईवडिलांना एकेक करून बोलावलं, ग्रुपवर एक अक्षर नाही.

अपारवर ताईंनी अजून सही केलेली नाही, मीही आग्रह धरला नाही, तो निर्णय त्यांचा. मेडिकल फॉर्म मात्र माझ्याच टेबलावर भरला, पंपाचं नाव, कधी द्यायचा ते सगळं, आणि खाली स्वतःच लिहिलं, 'पीटीच्या सरांना दाखवावा, बाकी कोणाला नको.'